मनगटाला झेपेल असं

रॉइस पॅरोलवर सुटणार असल्याचा फोन आला तेव्हा आम्ही दोघी शाळेच्या स्वयंपाकघरात मक्याच्या पिठाचे पाव भाजत होतो. नॅडीनने फोन ठेवला, हातमोजे चढवले आणि भट्टीतून ट्रे काढायला लागली. पोरांची जेवणं उरकली. शेवटी भांडी पुसता पुसता म्हणाली, "बर्निस, शनिवारी माझ्याबरोबर डबच्या दुकानात येशील का?"

डबचं दुकान बंदुकांचं. ओक्लाहोमाच्या आमच्या या कोपऱ्यात बाईने जवळ पिस्तूल बाळगलं तर कुणी वळूनही बघत नाही. माझ्याकडेही आहे, वर्षानुवर्षं आहे. नॅडीनने मात्र कधी घेतलं नव्हतं. तिचा नवरा एल्डन होता तोवर घरात हरणाच्या शिकारीची एक रायफल होती. तो गेला आणि वर्षाच्या आत रॉइसने ती विकून नशेत उडवली.

रॉइस म्हणजे नॅडीनचा मुलगा, एकुलता एक. लहानपणी मोठा लाघवी होता. पुढे तेलाच्या विहिरींवर कामाला गेला, पाठ दुखावली, दुखण्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि गोळ्यांवरून तो पुढचं सगळं शिकला. एका हिवाळ्यात त्याला आईचा पिकअप हवा होता. नॅडीनने किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या. त्याने मूठ सोडवायला हात पिरगाळला तेव्हा तिचं उजवं मनगट मोडलं. कोर्टात तिने सगळं खरं सांगितलं, पण सांगताना मुलाकडे बघितलं नाही. तो तुरुंगात गेला. मनगट जुळलं ते थोडं वाकडंच.

गाडीत मी तिला म्हटलं, घर विकून टाक आणि आर्कान्सासला बहिणीकडे जा. तिची बहीण तर केव्हाची मागे लागली होती. नॅडीन खिडकीतून बाहेर बघत होती.

"आणि तो सुधारून आला तर? घराला कुलूप बघून कुठे जाईल?"

"आणि सुधारला नसला तर?"

"म्हणून तर डबकडे चाललेय," ती म्हणाली.

डब एल्डनचा जुना दोस्त. आम्हाला बघून त्याने पुढचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे दिलं आणि काउंटरवर हिरवं कापड अंथरलं. आधी त्याने एक लहानसं रिव्हॉल्व्हर ठेवलं. बायका बहुतेक हेच नेतात, म्हणाला, हलकं आहे, खिशात मावतं, त्यात बिघडण्यासारखं काही नाही. दुकानामागे मातीचा उंच बांध घालून नेमबाजीची जागा केलेली आहे. तिथे नॅडीनने कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या चढवल्या आणि पहिली गोळी झाडली. मग ते हत्यार अगदी हळू, अंडं ठेवावं तसं फळीवर ठेवलं आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. धक्का थेट कोपरापर्यंत गेला होता.

डबने समजावलं की पिस्तूल जितकं हलकं तितका त्याचा झटका हाताला जास्त लागतो. जड घेतलं तर झटका सौम्य, पण ते कमरेला इतकं ओढतं की माणूस कंटाळून घरातल्या खणात टाकून देतो, आणि वेळेला ते खणातच राहतं. "रोज बाळगवेल आणि रोज झाडवेल, असं एकच हत्यार शोधायचंय, नॅडीनबाई. वेळ लागू दे. घाई नाही."

दुसरं होतं ते चपटं, छोटं, बोटं जेमतेम मावतील असं. त्यात गोळी भरायची तर वरचा लोखंडी भाग जोर लावून मागे खेचावा लागतो. नॅडीनकडून तो अर्धाही सरकेना. डबने युक्ती दाखवली, वरचा भाग खेचायचा नाही, तो धरून ठेवायचा आणि खालची मूठ पुढे ढकलायची. तरीही जमेना. तिच्या कपाळावर घाम आला.

"मनगटाला काय झालं होतं?" डबने विचारलं.

"बर्फावर घसरले."

काय झालं होतं ते सगळ्या गावाला माहीत होतं. डबलाही. तो कापडाची घडी नीट करत बसला. मग वर न बघताच म्हणाला, "एक सांगतो, मग विकतो. समोरचा माणूस ओळखीचा असला की हात चालत नाही. चांगल्या चांगल्या पोलिसांचा चालत नाही. तुमचा चालणार नसेल तर हे घरी नेऊ नका. तो ते तुमच्याच हातातून काढून घेईल."

"तुम्ही मला हाताला बसेल असं दाखवा," नॅडीन म्हणाली. "बाकीचं माझं मी बघते."

त्यावर डबने कपाटातून आणखी एक काढलं. आधीच्यांपेक्षा जरा मोठं, पण आतली स्प्रिंग मऊ, मुद्दाम दुखऱ्या हातांसाठी केलेली. ते तिच्या हातात सहज उघडलं. मूठ तळव्यात भरून बसत होती. तिने एक गोळी झाडली, मग दुसरी, आणि मग डबने भरून दिलेल्या सगळ्या. कागदावरच्या माणसाच्या छातीवर भोकांचा झुबका झाला होता. मला वाटलं, ती खूश होईल. पण कागद काढून आणला तेव्हा तिने तो घडी घालून डबच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि "हेच द्या" म्हणाली.

बाळगायचं कुठे, हा पुढचा प्रश्न होता. पर्समध्ये नको, तिने आधीच सांगितलं. रॉइस घरात आला की पहिला हात पर्समध्येच घालायचा. कमरेच्या पट्ट्याला कातडी म्यान लावून बघितलं, पण ते नॅडीनच्या हाडांना टोचायचं आणि भट्टीपुढे वाकलं की मूठ बरगडीत घुसायची. शेवटी डबने पोटाला बांधायचा एक रुंद लवचिक पट्टा दिला, बाळंतिणी बांधतात तसा. वरून कमरेखाली येणारा सैल ब्लाउज घातला की काही दिसायचं नाही. तीनचार दिवस पिस्तूल रिकामंच बांधून घरात वावरा, उठा, बसा, केर काढा, असं त्याने सांगितलं. शिकवणीचा वर्ग झाला, परवाना झाला. नॅडीनने सगळं मन लावून केलं, जसं ती सगळंच करते.

पण त्यानंतर तिचं जगणं त्या पट्ट्याभोवती आवळत गेलं. शाळेत हत्यार आणायची परवानगी नाही, ते बरोबरच आहे. ती पिस्तूल पिकअपमध्ये कुलपात ठेवायची आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मान वळवून वळवून बघत चालायची. आत आल्यावरही मागच्या दाराकडे पाठ करून उभी राहायची नाही. एका दुपारी सामानाच्या माणसाने दार जोरात ढकललं, आणि नॅडीनने गरम रश्श्याचं पातेलं सोडून दिलं. सगळी फरशी माखली. कुणाला भाजलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने नोकरी सोडली. मी तिला खूप सांगितलं. ती म्हणाली, "त्या दारातून तो आला आणि मध्ये एखादं पोर आलं तर?"

चर्चमध्ये ती येत राहिली. तिथे बाळगलेलं चालायचं, पण आमच्याकडे प्रार्थना संपली की बायका एकमेकींना मिठी मारतात, आणि नॅडीन आता कुणी जवळ आलं की अंग चोरून बाजूला वळायची. दोघीतिघींना राग आला. मी काय सांगणार होते?

रॉइस जूनमध्ये सुटला. त्याला शेजारच्या काउंटीत, सुटलेल्या लोकांसाठी असतं तशा एका वसतिगृहात ठेवलं होतं, आणि आईच्या घराच्या आसपास फिरकायचं नाही असा कोर्टाचा मनाई हुकूम होता. हुकूम कागदावर. नॅडीनचं घर गावाबाहेर खडीच्या रस्त्यावर, आणि शेरीफची गाडी यायची तर निम्मी सकाळ जाते. तिने जेवणाची खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली होती. खडी वाजली की तिचा हात पोटाशी जायचा. मग कळायचं की टपालाची गाडी आहे.

ऑगस्टमध्ये पीचची फळं पिकली. एका सकाळी मी तिच्याकडे बरण्या भरायला गेले. आम्ही दोघी फळं उकळत्या पाण्यातून काढून सालं सोलत होतो, पंखा घरघरत होता, म्हणून खडीचा आवाज कानावर आलाच नाही. वर बघितलं तर जाळीच्या दारापलीकडे रॉइस उभा.

चालत आला होता. सदरा घामाने भिजलेला. पण चेहऱ्यावर मांस आलं होतं, डोळे स्वच्छ होते. त्या डोळ्यांत मला लहानपणचा रॉइस दिसला, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"मॉम," तो म्हणाला. "मी आत येत नाही. पाणी देशील?"

मी टेबलाखाली फोन धरून शेरीफचा नंबर लावला होता, फक्त बटण दाबायचं राहिलं होतं. नॅडीनने माझ्याकडे बघितलं आणि नको अशी मान हलवली. तो मनाई हुकूम मोडून आला होता. मी बटण दाबलं असतं तर तो संध्याकाळच्या आत परत तुरुंगात गेला असता. दाबलं नाही, आणि पुढे काही झालं, तर? मी फोन तसाच धरून ठेवला.

नॅडीनने एप्रनला हात पुसले, ग्लास भरला आणि जाळीचं दार उघडलं. ग्लास त्याच्या हातात दिला. तो घटाघट प्यायला, ग्लास कठड्यावर ठेवला, आणि तिला काही कळायच्या आत पुढे होऊन त्याने तिला मिठी मारली. लहान मूल मारतं तशी, दोन्ही हात कमरेभोवती घालून.

नॅडीनचे हात हवेत राहिले. रॉइसची पकड आधी घट्ट झाली आणि मग एकाएकी सुटली. त्याच्या हाताला ते लागलं होतं.

तो एक पायरी खाली उतरला, मग आणखी एक. दोन्ही तळवे समोर धरून उभा राहिला.

"माझ्यासाठी घेतलंयस?"

ती काहीही सांगू शकली असती. कोल्हे फिरतात म्हणाली असती, साप म्हणाली असती. ती म्हणाली, "हो."

रॉइसने मान डोलावली. बराच वेळ तो तिच्या उजव्या हाताकडे बघत होता. पीचचा रस त्या हातावरून कोपरापर्यंत ओघळला होता.

"झटका सोसतो का?" त्याने विचारलं. "मनगटाला?"

त्याने त्या मनगटाचं नाव काढलं ते पहिल्यांदाच. कोर्टात त्याच्या वकिलाने, आई पडली असेल, असंच म्हटलं होतं.

"सोसतो," नॅडीन म्हणाली. "बरीच बघितली. हेच त्यातल्या त्यात बरं होतं."

"मग ठीक," तो म्हणाला. "ठेव तू." आणि वळून खडीवरून चालायला लागला. नॅडीन दारातच उभी होती. मला वाटलं, हाक मारील. तिने हाक मारली नाही, आणि शेरीफलाही कळवू दिलं नाही. उरलेली फळं आम्ही सोलली. एका बरणीत तिने मीठ घातलं, साखर समजून.

रॉइस टिकला. हे मी मुद्दाम सांगते, कारण आमच्याकडे असले किस्से सहसा वेगळे संपतात. त्याला टायरच्या दुकानात काम मिळालं, नशा पकडणाऱ्या लघवीच्या तपासण्या साफ येत राहिल्या. पुढच्या वसंतात नॅडीन स्वतः न्यायाधीशापुढे गेली आणि मनाई हुकूम उठवून घेतला. आता तो रविवारी चर्च सुटल्यावर तिच्याकडे जेवायला येतो.

एका रविवारी तिने पट्टा काढून कपाटात ठेवला होता. मला म्हणाली, मुलगा जेवायला येणार आणि आई पोटाला पिस्तूल बांधून त्याला वाढणार, शोभतं का ते? पण त्या दिवशी तिला कोंबडी तळता येईना. रॉइस पायरीवर चढल्याचा आवाज आला आणि तिचे हात असे थरथरायला लागले की गरम तेलाचा तवा मी तिच्याकडून काढून घेतला. ती आतल्या खोलीत गेली, आणि बाहेर आली तेव्हा सैल ब्लाउज घालून आली होती. हात स्थिर होते. रॉइसने ब्लाउज बघितला. खुर्ची ओढून बसला.

तेव्हापासून ते तसंच चाललंय. मी अधूनमधून त्यांच्याबरोबर जेवते. गप्पा होतात, टायरच्या गिऱ्हाइकांच्या नकला करून रॉइस आम्हाला हसवतो. नॅडीन मनापासून हसते, दाराकडे तोंड करून बसलेली. आणि तो समोर बसतो, दोन्ही हात टेबलावर, थाळीच्या दोन बाजूंना. भेंडीचं भांडं त्याच्यापासून वीतभर अंतरावर असलं तरी तो हात लांब करत नाही. मागतो. ती उठते, भांडं उचलून त्याला वाढते आणि परत आपल्या जागेवर जाऊन बसते.