रुपराव काकांच्या गाडीचं झाकण

आमच्या वर्कशॉपच्या कृष्णकांत सरांनी विजेवरच्या त्या गाडीला हातसुद्धा न लावता निदान केलं. चार्जिंगचं झाकण उघडत नाही म्हणजे त्याची मोटर गेली, नवीन मागवा, आठ दिवस लागतील. उचलली जीभ, लावली टाळ्याला. भिवापूरहून आलेले रुपराव काका बाकावर बसून ऐकत होते. बॅटरी अकरा टक्क्यांवर आली होती. झाकण उघडल्याशिवाय गाडी चार्ज होणार नव्हती आणि घरीही पोचणार नव्हती.

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो. मी म्हटलं, "सर, मोटर गेली नाही वाटत. एक तास द्या मले."

नागपुरात मिहानजवळच्या या सर्व्हिस सेंटरच्या वर्कशॉपमध्ये येऊन मला तीनच आठवडे झाले होते. आयटीआय पास असूनही त्याआधी दोन वर्षं मला शोरूमच्या काउंटरवर बसवलं होतं. ग्राहकाला चहापाणी विचारायचं, नव्या गाडीची पूजा असली की ताट धरायचं, एवढंच काम.

"घे एक तास, दामिनी," सर म्हणाले. "नाही जमलं तर उद्यापासून परत काउंटर."

आधी फ्यूज पाहिला. शाबूत होता. मग बटण दाबून झाकणाला कान लावला. आत टक् असा बारीक आवाज आला आणि थांबला. मेलेली मोटर आवाज करत नाही. डिकीतलं अस्तर सोडवून मागच्या वायरींना मीटर लावलं, तर मोटरपर्यंत बारा व्होल्ट नीट पोचत होते. म्हणजे मोटर बिचारी जोर लावत होती, अडलं होतं ते झाकण अडकवून धरणाऱ्या खिटीपाशी. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं नुसतं.

अडीअडचणीला झाकण हातानं उघडायची एक दोरी डिकीत असते. ती ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. घड्याळात पन्नास मिनिटं झाली होती आणि घामानं हात घसरत होता. काउंटरवर परत जायचं नाही, एवढंच मी स्वतःला बजावत होते. शेवटी रुपराव काकांना बोलावलं, तुम्ही बाहेरून झाकण आत दाबून धरा म्हटलं, आणि पाय रोवून दोरी ओढली. झाकण उघडलं.

खिटीच्या खाचेत काहीतरी लाल, वाळून घट्ट झालेलं बसलं होतं. टोकरलं तर तांदळाचे दाणे निघाले. अक्षता होत्या त्या.

दसऱ्याला ही गाडी काकांनी नेली तेव्हा ताट माझ्याच हातात होतं. आमच्या घरी बुद्धवंदना असते, पूजा नसते. अक्षता किती वाहायच्या हे मला कोणी सांगितलं नव्हतं. काकांच्या बायको पंचफुलाबाई म्हणाल्या होत्या, गाडी इथूनच खाते ना, मग इथंही वाहा. मी झाकण उघडून कुंकवाच्या ओल्या अक्षता मूठभर आत टाकल्या होत्या. नंतर गाडी धुताना पाणी गेलं असणार, दाणे फुगले, कुंकवासकट वाळले.

दाणे खिशात टाकले असते तर कोणाला कळलंही नसतं. मला लाज वाटत होती आणि भीती त्याहून जास्त. खाच ब्रशनं साफ केली, झाकण वीस वेळा उघडून मिटलं, चार्जर लावला. हिरवा दिवा लागला. मग दाणे तळहातावर घेऊन सरांसमोर गेले.

"मोटर चांगली आहे, सर. हे अडकलं होतं. अन् हे मीच टाकलं होतं, पूजेच्या दिवशी."

काका मध्येच म्हणाले, "काहून घाबरून राहिली वं पोरी? आमच्या घरच्यांनीच सांगतलं होतं तुले."

सरांनी एक दाणा उचलून निरखला. "त्या दिवशी किती गाड्या दिल्या आपण?"

"अकरा."

"अन् अक्षता?"

काकांची गाडी पहिली होती; त्यांचं पाहून मागच्या सगळ्यांनीच तसं करायला सांगितलं होतं, आणि मी कोणालाच नाही म्हटलं नव्हतं. "अकराहीत," मी म्हटलं.

सरांनी कपाळाला हात लावला. मग काउंटरकडे बोट दाखवून म्हणाले, "जा, फोन कर दहाही जणाईले. बोलाव त्याईले. अन् झाकणं तूच उघडशील."

मी काउंटरवर गेले. माझी जुनी खुर्ची तिथंच होती. फोन उचलला आणि दहाही जणांशी उभ्यानंच बोलले.