तिसऱ्या दिवशीचं वाक्य

माझ्या नवऱ्याला खरं बोलायची खोड आहे. लोक त्याला गुण म्हणतात. म्हणोत बापडे, त्यांना त्या गुणाबरोबर संसार करायचा नसतो. लातूरच्या शाळेत ते विज्ञान शिकवतात. दयानंद हे नाव कुणी घेत नाही, सगळे सर म्हणतात, म्हणून मीही सरच म्हणते. लग्नाच्या पंगतीत भाजी खारट झाली तर यजमानाला गाठून सांगणारा हा माणूस. मी लातूरजवळच्या मुरुडची, बाजारपेठेच्या गावची. आमच्याकडं गोड बोलून वेळ निभावून नेण्याला शहाणपण म्हणतात. आमचं दोघांचं कसं जमलं ते मला अजून कळलेलं नाही.

सरांचं मूळ गाव देगलूरकडचं, तेलंगणाच्या शिवेजवळचं. त्या भागात मामा-भाचीचं लग्न लावतात. सरांची थोरली बहीण रत्नम्मा. आई लवकर गेल्यामुळं तिनंच सरांना आणि धाकट्या मलप्पाला वाढवलं. पुढं तिची मुलगी नीलम्मा लग्नाची झाली तेव्हा रत्नम्मानं ती मलप्पाला, म्हणजे आपल्याच धाकट्या भावाला दिली. लेक परक्या घरी जायला नको आणि भाऊही डोळ्यांसमोर राहावा, असा तिचा सरळ विचार. मला ऐकूनच कसंसं झालं होतं, कारण आमच्याकडं मामा म्हणजे बापाच्या जागी. पण मी नवी सून, गप्प बसले. सर गप्प बसले नाहीत. साखरपुड्यात, चार पाहुण्यांसमोर, त्यांनी वर्गात शिकवावं तसं सांगितलं, की जवळच्या रक्तात लग्न झालं तर घराण्यात लपलेले आजार लेकरांत उतरू शकतात. ते खरं होतं. आजही खरंच आहे. कुणी ऐकलं नाही.

नीलम्माला पहिला मुलगा झाला आणि तो पाळण्यातच गेला. आम्ही तिसऱ्या दिवशी पोचलो. बायका बसल्या होत्या. नीलम्मा भिंतीला टेकून होती, पदर छातीशी ओला होता, दूध अजून थांबलं नव्हतं. सर उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "मी सांगितलं होतं. हे होणारच होतं."

मला त्या क्षणी त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला, पण वाक्य बाहेर पडून गेलं होतं. मलप्पानं थोरल्या भावाला दंडाला धरून अंगणात आणलं. "माझ्या दारात पुन्हा पाय ठेवू नको," एवढंच म्हणाला. तेव्हापासून वीसेक वर्षं दोघा भावांत अक्षराचं बोलणं नाही. मलप्पाला रेल्वेत नोकरी लागली, तो नांदेडला राहायला गेला, त्यांना मनस्विनी नावाची मुलगी झाली. हे सगळं रत्नम्माकडून कानावर यायचं. मुलीला मी एका लग्नात लांबून पाहिली होती. उंच, हसरी, आणि कपाळ थेट आमच्या सरांचं.

गेल्या वर्षी रत्नम्मा न कळवता लातूरला आली. चहा नको म्हणाली, पाणीही नको म्हणाली. रत्नम्मानं चहाला नको म्हणणं म्हणजे काहीतरी मोठंच, हे मी ओळखलं.

"मनीला रक्ताचा कॅन्सर झालाय," ती म्हणाली. "लई महिने झाले. मलप्पानं तुम्हाला सांगू दिलं न्हाई."

मग तिनं जे सांगितलं ते असं. नांदेडच्या डॉक्टरांनी किमो दिला, आजार मागं हटला. पण तो परत येऊ नये म्हणून दुसऱ्या कुणाच्या तरी मूळपेशी घेऊन तिच्यात सोडायच्या होत्या. जुनं रक्त बनवणारं सगळं औषधानं मारून टाकायचं आणि त्या जागी नवं बी पेरायचं, असं काहीसं. त्यासाठी जुळणारा माणूस लागतो. भावंडं असती तर आधी ती तपासली असती, पण ही एकटी. आता आई-बापाच्या अर्ध्या जुळणीवरही काम होतं म्हणे, मोठी प्रगती झाली आहे. पण वारंवार रक्त चढवल्यामुळं पोरीच्या अंगात अशी काही द्रव्यं तयार झाली होती, की त्यांनी आई-बापाच्या पेशी टिकूच दिल्या नसत्या. मग देशभरातल्या दात्यांत शोध सुरू झाला. त्या शोधात महिने गेले, कुणी मिळालं नाही, आणि तेवढ्यात आजार उलटला. पुन्हा किमो, पुन्हा तेच हाल.

"आता परवा डॉक्टर हळहळून म्हणला," रत्नम्मा सांगू लागली, "की तुमचं नात्यातलं लगीन असतं तर काका, आत्या, आजी, समद्यांना तपासलं असतं. अशा घरात लांबच्या माणसाचंबी पुरं जुळतं कधीकधी. मी बाकड्यावर बसले व्हते. म्हणलं, आरं बाबा, मंग हाय की! ही माझी लेक आन् हा माझा भाऊ!"

"म्हणजे डॉक्टरांना माहीतच नव्हतं?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी इचारलं व्हतं त्यानं. नात्यातलं हाय का? आधीचं लेकरू गेलंय का? नीली दोन्हीला न्हाई म्हणली."

"का पण? डॉक्टरला कुणी खोटं सांगतं का?"

रत्नम्मानं माझ्याकडं पाहिलंच नाही. ती सरांकडं बघत होती. तिनं कडेवर घेऊन वाढवलेला तो भाऊ.

"तुझ्या खऱ्यापायी खोटं बोलली ती, दया. तिला वाटलं, डॉक्टरबी तेच म्हणंल. हे होणारच व्हतं म्हणंल."

मग रत्नम्मा म्हणाली, की तिची स्वतःची तपासणी झाली, अर्धीच जुळली, आणि तिच्या वयाला आणि साखरेला बघून डॉक्टर नको म्हणाले. भावंडांतला आता एकच उरला होता.

"मी येतो," सर म्हणाले. "पण मलप्पाला माहीत आहे का तू आलीस ते?"

"न्हाई."

"मग आधी त्याला सांग. मी चोरून येणार नाही."

माझं डोकं फिरलं. पोर मरायला टेकली आहे आणि यांना अजून तत्त्वं सुचतात! मी ताडताड बोलले. सर ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, "कुसुम, एकदा लपवून काय झालं ते बघितलंस ना." ते बरोबर होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. रत्नम्मानं तिथूनच मलप्पाला फोन लावला. मलप्पानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "येऊ दे त्याला."

दुसऱ्या दिवशी आम्ही नांदेडची बस धरली. लोह्याला गाडी थांबली तेव्हा मी भजी घेतली, सरांनी हातही लावला नाही. दवाखान्याच्या दारात मलप्पा उभा होता, रेल्वेच्या निळ्या शर्टातच. केस पांढरे झाले होते.

"आलास," तो म्हणाला.

"आलो," सर म्हणाले.

भावांचं बोलणं तेवढंच झालं, पण मलप्पानं माझ्या हातातली पिशवी घेतली.

सरांच्या रक्ताच्या तपासणीचा निकाल यायला वेळ लागला. तेवढे दिवस आम्ही लातूरला परत येऊन थांबलो. निकाल आला तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी, अंबरीश त्यांचं नाव, आम्हाला समोर बसवलं. तरुण माणूस, पण डोळ्यांखाली काळं. सरांचं पुरं जुळलं होतं. मलप्पाकडून पोरीला जुळणीची जी अर्धी बाजू आली तीही सरांकडं होती, आणि नीलम्माकडून, म्हणजे रत्नम्माकडून, जी आली तीही. "तुम्ही तिचे दोन्हीकडचे आहात," डॉक्टर म्हणाले. "म्हणून हे झालं."

सरांचा चेहरा मी बघत होते. ज्या लग्नाला त्यांनी भर साखरपुड्यात नावं ठेवली, त्याच लग्नामुळं त्यांचं रक्त उपयोगी पडणार होतं. डॉक्टरांना ते कळलं असावं. "याचा अर्थ अशी लग्नं करावीत असा नाही," ते सरळ म्हणाले. "धोका असतोच. इथं नशिबानं फायदा झाला."

नीलम्मा आणि मलप्पा पोरीजवळ होते. खोलीत आम्ही दोघं आणि रत्नम्माच. सरांनी विचारलं.

"डॉक्टर, यांचं पहिलं बाळ गेलं होतं. ते या लग्नामुळं गेलं का?"

"कशानं गेलं?"

सरांना सांगता येईना. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांनी हे कधी विचारलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी उंबऱ्यात उभं राहून निकाल दिला, पण बाळ कशानं गेलं हे विचारलं नाही. मीही विचारलं नव्हतं.

"हगवण लागली व्हती," रत्नम्मा म्हणाली. "पावसाळ्यात आडाचं पाणी गढूळ झालं. त्या पंधरवड्यात गल्लीतली आणखी दोन लेकरं गेली."

"ती दोन नात्यातल्या लग्नाची होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"कशाची? एका लेकराचा बाप पार परभणीचा."

डॉक्टर म्हणाले, "इतक्या वर्षांनी मी शपथेवर सांगू शकत नाही. पण तुम्ही सांगता त्यावरून ते पाण्यानं गेलं. लग्नाचा संबंध दिसत नाही."

बाहेर आल्यावर सर भिंतीला हात लावून उभे राहिले. माझ्याकडं टोमणे पुष्कळ होते, पण ते कुठं वापरायचे याची थोडी तरी जाण मला आहे.

प्रत्यारोपण हैदराबादला झालं. आधी काही दिवस सरांना रोज इंजेक्शन, मूळपेशी हाडांतून रक्तात उतराव्यात म्हणून. त्यानं त्यांची कंबर आणि मांड्या अशा ठणकायच्या की ते उभ्यानं भिंत धरायचे. मला वाटलं होतं हाड कापतात. तसं काही नाही. यंत्राला जोडून बसवतात, एका हातातून रक्त घेतात, हव्या त्या पेशी वेगळ्या काढतात आणि उरलेलं दुसऱ्या हातातून परत देतात. तासन्‌तास चालतं ते. दोन्ही हातांत सुया, हलायची सोय नाही. अशा अवस्थेत सर मला म्हणाले, "नीलम्माला बोलाव."

ती आली आणि पायांशी उभी राहिली. नात्यानं ती त्यांची भाचीही आणि भावजयही. लग्नाआधी मामा म्हणायची, त्या दिवसानंतर काहीच म्हणत नव्हती.

"नीलम्मा," सर म्हणाले, "तुझं बाळ तुमच्या लग्नामुळं गेलं नाही. पाण्यानं गेलं. मी काही न विचारता बोललो. तुझ्या तोंडावर बोललो. माझं चुकलं."

यंत्र फिरत होतं. नीलम्मा त्यांच्या हातातल्या सुईकडं बघत राहिली.

"वीस वर्सं त्याचं नाव घेतलं न्हाई मी, मामा," ती म्हणाली. "मलाच वाटायचं, मीच मारलं त्याला."

सरांचे डोळे भरले, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मी पुढं होणार, तेवढ्यात नीलम्मानंच आपल्या पदरानं ते पुसले. माफ केलं असं ती म्हणाली नाही. त्यांच्या पायांवरची चादर ओढून नीट केली आणि लेकीकडं गेली.

संध्याकाळी फिकट लाल रंगाची ती पिशवी मनस्विनीच्या खोलीत टांगली. काचेतून आम्हाला दिसत होतं. एवढी मोठी गोष्ट, आणि दिसायला साधं सलाईन. पुढचे आठवडे वाईट गेले. तोंडात फोड, ताप, केस गेलेले, आणि काही दिवस असे की डॉक्टर आमच्या नजरेला नजर देत नव्हते. मलप्पा आणि सर कॉरिडॉरमधल्या एकाच बाकावर बसून असायचे. बोलायचे नाहीत, पण एकाच डब्यातलं खायचे. मग एका सकाळी पांढऱ्या पेशी दिसू लागल्या. सरांच्या पेशींनी तिथं मूळ धरलं होतं.

मनस्विनी आता नांदेडला घरी आहे. बरी झाली असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत, आजार सध्या दिसत नाही एवढंच म्हणतात. तिचा रक्तगट बदलून सरांचा झाला. "काकू," ती मला फोनवर म्हणाली, "आता मलाही खरं बोलायची खोड लागली तर?" मी म्हटलं, "तसं काही वाटलं तर आधी मला सांग, इलाज करू."

नव्या रक्ताबरोबर लहानपणच्या लसी पुसल्या जातात, हे मला माहीत नव्हतं. सगळ्या पुन्हा द्याव्या लागतात, डॉक्टरांनी सांगितलेल्या क्रमानं. पहिल्या खेपेला सर आणि मी मुद्दाम लातूरहून गेलो. मलप्पाही रजा टाकून आला. दवाखान्यात सगळ्या आयांच्या मांडीवर तान्ही बाळं, आणि मध्ये नीलम्मा, शेजारी तोंडाला मास्क लावलेली, आईपेक्षा उंच मुलगी. बाळं रडत होती. मनस्विनी हसत होती.

नर्स चांगली गमतीदार होती. सुई टोचून झाल्यावर मनस्विनीला म्हणाली, "रडली नाही, शहाणी गं!" मग नीलम्माकडं वळून म्हणाली, "हे तुमचं पहिलंच बाळ का, मावशी?"

सगळे हसले. सरांनी मान खाली घातली. मलप्पानं बायकोकडं पाहिलं.

"न्हाई," नीलम्मा सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "ही दुसरी. पहिला पोरगा व्हता माझा. शिवकुमार नाव त्याचं. हगवणीनं गेला."