रुबेन कुणाचं ऐकतो

हौसाचं नाव निघालं की जोकबेदच्या हातातलं भांडं जरा जोरात आपटायचं, हे खांदा कॉलनीतल्या त्या बिल्डिंगमध्ये खालच्या वॉचमनलासुद्धा ठाऊक होतं. तसं कारण म्हणाल तर काहीच नव्हतं. हौसा ही रुबेनची लहानपणची शेजारीण. रुबेनचे वडील उलव्याकडे शाळामास्तर होते, तेव्हा ही दोघं एका अंगणात वाढलेली. पुढे हौसाच्या घरच्यांच्या जमिनी विमानतळात गेल्या, बंगला झाला, दारात गाडी आली. तरी दर थंडीत पोपटीचं, म्हणजे जाळात भाजलेल्या वालाच्या शेंगा-कोंबडीचं, मडकं घेऊन ती पनवेलला यायची म्हणजे यायचीच. या ज्यू घरात बाहेरची कोंबडी चालत नाही, म्हणून रुबेनसाठी वेगळं मडकं लावायची, नुसत्या वालाच्या शेंगांचं. मडक्यात कोंबलेल्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास घरभर पसरायचा आणि रुबेन बोटं चाटत बसायचा. जोकबेद तीस वर्षं त्याला रांधून घालत होती, पण तिच्या ताटावर त्याने बोटं चाटल्याचं तिला काही आठवत नव्हतं.

मग उन्हाळ्यात रुबेनच्या मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला, पण माणूस हरवला. डोळे उघडायचा, छताकडे बघायचा, बस. हाक मारा, चिमटा काढा, काही नाही. नाकातली नळी, पाठीला पावडर, दर थोड्या वेळाने कूस बदलणं, सगळं जोकबेद करायची. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला मलिद्याचा नवस बोलून झाला. आता तिला एकच जाणून घ्यायचं होतं. आपण दिवसभर ज्याच्याशी बोलतो, तो ऐकतो तरी का?

थंडी पडायला लागली तेव्हा डॉक्टरांच्या ओळखीने हेतल आली ती यासाठीच. मेंदूवर संशोधन करणारी मुलगी, पाठीवर सॅक, हातात लॅपटॉप. तिने रुबेनच्या डोक्याला चिकट जेल लावून पोहायच्या टोपीसारखी एक टोपी चढवली. टोपीला जागोजागी चकत्या आणि वायरी. तिने समजावलं ते असं, की मूठ मिटायचं नुसतं मनात आणलं तरी मेंदूत खळबळ होते आणि ही टोपी ती खळबळ टिपते. वरून दगडासारख्या दिसणाऱ्या अशा पेशंटांपैकी साधारण दर चौथा माणूस आतून सांगितलेलं करत असतो, असं अलीकडे दिसून आलंय.

ओळखीचा आवाज बरा पडतो, म्हणून हेतलने तिलाच कागद वाचायला दिला. जोकबेदने पदर सारखा केला, घसा खाकरला आणि शाळेत धडा वाचावा तसं वाचलं, “रुबेन, तुझ्या उजव्या हाताची मूठ मिट.” पुन्हा वाचलं. पुन्हा पुन्हा वाचलं. लॅपटॉपवर काहीच नाही.

तेवढ्यात इस्राएलहून एलादचा फोन आला. पोरगं भोळं. म्हणालं, आई, हौसाआत्याला बोलाव ना, बाबांना तिचा आवाज लहानपणापासून माहितीये. जोकबेदने हातातला कागद टेबलावर आपटला. पण नवऱ्यापुढे आपला ताठा कसला, म्हणून बोलावलं.

हौसा आली, गळ्यातलं ठसठशीत सोनं सावरत पलंगाच्या कडेला बसली. कागद तिने हातातही घेतला नाही. त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, “रुबन्या, आयकतंस नं? मूठ मीट बगू. घट मीट.” असं चार-पाचदा. हेतल स्क्रीनकडे झुकली आणि हळूच म्हणाली, “ऐकतायत ते.”

हौसा पदर तोंडाला लावून रडली. जोकबेदही रडली. पण कशासाठी, हे तिचं तिला माहीत. नवरा आत जिवंत आहे, याचा आनंद झाला, नाही असं नाही. पण त्या आनंदाच्या पाठोपाठ तळपायाची आग मस्तकात गेली. शी-शू काढायची मी, रात्रभर जागायचं मी, आणि साहेब उत्तर कुणाला देणार तर हौसाला! रात्री तिने त्याची कूस बदलली ती एक शब्द न बोलता.

चार दिवसांनी हेतल पुन्हा आली, टोपी चढवली, तारा तपासत बसली. जोकबेद उशी सारखी करत होती. तिला आत काय उसळलं कोण जाणे, एकदम फुटलीच.

“अहो, ऐकलंत का? त्या बाईसाठी बऱ्या मुठी मिटता! मग माझ्यासाठी मिटा की एकदा. अहो, मिटा ना मूठ!”

“काकू, थांबू नका,” हेतल म्हणाली. “परत म्हणा. असंच म्हणा.”

जोकबेदने परत म्हटलं, आणि परत. लॅपटॉपवर जे उमटलं ते हौसाच्या वेळेपेक्षा कणभरही कमी नव्हतं. हेतलने विचारलं, काकू, तुम्ही काकांना नावाने हाक कधी मारता? जोकबेद ओशाळली. मेंदीच्या दिवशी नणंदांनी बळजबरीने नाव घ्यायला लावलं होतं, तेवढंच. त्यानंतर या घरात ‘अहो’शिवाय हाक नव्हती. अरेतुरे तर लांबच. कागदातली ती ‘रुबेन, मिट’ म्हणणारी परकी बाई कोण, हे त्याने ओळखावं तरी कसं?

मग हेतलने पुढची पायरी सांगितली. उत्तर हो असेल तर मूठ मिटायचं मनात आणायचं, नाही असेल तर स्वस्थ पडायचं. जोकबेदनेच विचारायचं. आपल्या मुलाचं नाव एलाद का? हो. पाठ दुखते का? नाही. जोकबेदचे डोळे भरून वाहत होते. तरी पुढचा प्रश्न तिच्या जिभेवर कधीचा येऊन बसला होता, आणि तो गिळणं तिच्या स्वभावात नव्हतं.

“अहो, हौसाला परत बोलवू का?”

हेतलने स्क्रीन पाहिला, मग जोकबेदकडे पाहिलं, मग उगाच एक वायर नीट केली. “एकदा परत विचारून खात्री करूया का, काकू?”

“नको. कळलं मला.”

जोकबेदने ओला रुमाल घेतला आणि त्याचं तोंड खसाखसा पुसलं. लाज नाही वाटत, म्हणाली. असे पडलात तरी तिचीच आठवण, म्हणाली. तीस वर्षांचं सगळं काढलं, बोटं चाटण्यापासून. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की तो आजारी पडल्यापासून आपण त्याच्याशी भांडलोच नव्हतो. आजाऱ्याशी कोण भांडतं? इतके महिने तिने एका आजाऱ्याला सांभाळलं होतं. आज पलंगावर तिचा नवरा होता, तिच्या अंगाचा तिळपापड करणारा, पूर्वीसारखाच.

तिने डोळे पुसले आणि फोन लावला.

“हौसा, उद्या ये,” ती म्हणाली. “येताना पोपटी आण. त्यांना खाता येणार नाही, पण वास तरी घेतील. आणि हे बघ, अर्धा तास बस. बाकीचा दिवस त्यांना माझं ऐकायचंय.”