गोपाळकृष्ण होय म्हणाले

"जरा हसा बघू," डॉक्टर नम्रता तिसऱ्यांदा म्हणाली.

ओटीवरच्या खुर्चीतून गोपाळकृष्णांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"ते नाही हसायचे," पद्मजाकाकू नवऱ्याची बाजू घेत म्हणाल्या. "लग्नाचा अल्बम आणू का? त्यातसुद्धा कुठे हसलेले नाहीत."

"काकू, तोंडाचा उजवा कोपरा उतरलाय का, ते बघतेय मी."

"तोंड त्यांचं वाकडंच असतं हो. परकं माणूस बघून जरा जास्त केलं असेल."

अँब्युलन्सवरची डॉक्टर म्हणून नम्रताने सापाचे दंश पाहिले होते, आंब्यावरून पडलेले पाहिले होते. मेंदूचा झटका ओळखायचं खास शिक्षण मात्र तिला नुकतंच मिळालं होतं. हसायला सांगा, हात उचलायला सांगा, एक वाक्य बोलायला लावा, आणि माणूस शेवटचा धडधाकट कधी होता ते विचारा. सोपं होतं. फक्त ते रत्नागिरीच्या माणसावर चालवून पाहिलेलं नव्हतं.

तिने त्यांचे दोन्ही हात समोर धरले आणि सोडले. डावा तिथेच राहिला, उजवा मांडीवर पडला.

"म्हणा, आज हवा छान आहे."

"होय," गोपाळकृष्ण म्हणाले.

हवा चिकट होती. कावळासुद्धा तोंड उघडून बसला होता.

"बघा, किती शांत आहेत," काकू कोकम सरबताचा पेला घेऊन पुढे झाल्या. "मी बाजारातून आले, विचारलं, जेवलात का? होय. लाइटबिल भरलंत का? होय. लग्न झाल्यापासून या माणसाने कशाला होय म्हटलेलं नाही. मला वाटलं, सुधारले."

"मग अँब्युलन्स का बोलावलीत?"

"उठेचनात खुर्चीतून. म्हटलं, पित्त असेल."

नम्रताने पेला काढून घेतला. "काही पाजू नका. गिळता आलं नाही तर छातीत जाईल. काकू, हा मेंदूचा झटका आहे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. कधी सुरू झालं हे माहीत नसेल, तर ते देत नाहीत. शेवटचं नीट कोणाशी बोलले?"

"मी नव्हते हो घरात. यज्ञेशभावजींशी झालं असेल. पण ते बोलणं नव्हे, भांडण."

यज्ञेश हा धाकटा भाऊ. दोन घरांच्या मध्ये जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे रचलेली कुंपणभिंत, होती आणि गडग्यावरून कोर्टात केस होती. पलीकडे यज्ञेशकाका पोफळींना पाणी घालत होते आणि आपण काही ऐकत नाही असं दाखवत होते.

"काका, तुमचे दादा शेवटचे नीट कधी बोलले?"

"आमचं बोलणं नाही."

"मग भांडण?"

"भांडण रोज असतं. पण वकिलांनी त्याबद्दल बोलू नका म्हणून सांगितलंय."

"त्यांना झटका आलाय."

"मागच्या तारखेलाही त्याची कंबर धरली होती."

"काका," स्ट्रेचर घेऊन उभा असलेला ड्रायव्हर हर्षद म्हणाला, "वकिलाला फोन लावा, पण गाडीत बसून लावा."

नम्रताला गडगाच उचलून या माणसाच्या डोक्यात घालावासा वाटला. "काका, तुमचा भाऊ मी विचारेन त्याला होय म्हणतोय."

यज्ञेशकाकांच्या हातातली नळी खाली पडली. पाणी त्यांच्याच पायांवर वाहत राहिलं.

"मला पण म्हणाला," ते हळूच म्हणाले.

त्यांनी मोबाइल काढला. पुरावा म्हणून ते रोजच्या भांडणाचं चित्रण करत असत. आजच्या चित्रणात गोपाळकृष्ण गडग्यावर हात आपटून गर्जत होते, "तुझ्या बापाची जागा आहे काय ही?" आणि यज्ञेश म्हणत होता, "बाप एकच आहे आपला, त्याला कशाला मध्ये घेतोस?" मग एका शब्दाच्या मधोमध गोपाळकृष्ण थांबले. उजवा हात गडग्यावरून घसरला. मग यज्ञेशचा आवाज, "गडगा माझ्या जागेत आहे, कबूल?"

"होय."

"वकिलांना लगेच पाठवलं," यज्ञेशकाका म्हणाले. "दादा पाय ओढत ओटीवर जाऊन बसला, मी पेढे आणायला गेलो."

चित्रण अकरानंतरचं होतं. आता दोन वाजत आले होते.

"फोन घेऊन बसा गाडीत," नम्रता म्हणाली. ते गडगा ओलांडून आले. तो ओलांडायला कोर्टाची मनाई होती.

आरे-वारेच्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या उभ्या होत्या. सायरनने एक गाडी बाजूला झाली, तीही सेल्फीत समुद्र यावा म्हणून. नम्रता हॉस्पिटलला फोनवर सांगत होती, "झटका आहे, वेळ कळलीय, सीटी स्कॅन मोकळं ठेवा."

"पण मॅडम, आम्हाला पित्त कळवलंय."

"पित्त नाही."

"मग ते बदलून कोण देणार?"

"मी येऊन देते," नम्रता म्हणाली आणि तिने फोन ठेवला. काकू नवऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. हे गोपाळकृष्णांनी चालवून घेतलं, याचीच काकूंना भीती वाटत होती.

हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी चित्रण दोनदा पाहिलं. सीटीत रक्तस्राव नव्हता. इंजेक्शन लागलं, मुदतीच्या आत, अगदी काठावर. किती उपयोग होईल ते आताच सांगता येणार नाही, असं ते म्हणाले.

हर्षद दारात आला. "मॅडम, पुढचा कॉल आहे. चक्कर म्हणतायत."

"म्हणतायत," नम्रता म्हणाली.

निघताना तिने पडद्याआड पाहिलं. यज्ञेशकाका ओल्या पायांनी खाटेजवळ उभे होते.

"दादा, गडगा माझा ना रे?"

"होय."

"नीट बघ. माझा?"

"होय."

"नाही म्हण, दादा. एकदा नाही म्हण."

गोपाळकृष्णांचा उजवा हात खाटेच्या कडेवरून यज्ञेशच्या बाजूला लोंबत होता. यज्ञेशने तो दोन्ही हातांनी उचलला आणि परत भावाच्या हद्दीत ठेवला.