मेतवल्लीच्या दुकानावरची चौकशी

अलेक्झांड्रियाच्या बहरी भागातल्या त्या गल्लीत मुलीची चौकशी करायला कुणी सरळ येत नाही. "भाड्यानं घर बघतोय," म्हणायचं, किराणावाल्याकडून थोडं चीज घ्यायचं, पाण्याबद्दल विचारायचं, आणि मग हळूच, "समोरच्या इमारतीत कोण कोण राहतं हो?" हे नाटक सगळ्यांना ठाऊक असतं, तरी सगळे ते मनापासून करतात.

किराणावाला मेतवल्ली त्या आठवड्यात नुसता हवेत होता. त्याची लेक इब्तिसाम शाळेत शिकवायची. तिथल्याच वाइल नावाच्या मास्तरानं तिला सांगितलं होतं की घरचे येऊन चौकशी करून जातील, मन भरलं तर गुरुवारी मागणी घालतील. आई नसलेली पोर, आणि एक सोयरीक आधीच मोडलेली. ही जमली नाही तर मेतवल्लीला तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. त्यानं सगळ्या गल्लीला पढवून ठेवलं होतं, आणि आपण मुलीचा बाप आहोत याचा पत्ताच लागू द्यायचा नाही असं ठरवलं होतं. बापानं केलेलं कौतुक कोण ऐकून घेतो?

सोमवारी सकाळी एक जोडपं आलं. नवऱ्याला टाय, बायकोच्या हातात चकचकीत पर्स. त्यांच्या मागोमाग काळ्या झग्यातली एक जाडजूड बाई धापा टाकत आली आणि साखरेच्या पोत्यावर बसली.

"काका, घर बघतोय आम्ही," टायवाला म्हणाला. "समोरच्या इमारतीत वरचं रिकामं आहे ना?"

आले! मेतवल्लीनं चीजचा सुरा खाली ठेवून हात पुसले.

"पाणी कसं आहे इथं?"

"पाणी? अहो, थांबतच नाही!"

"आणि आवाज? लग्नातले कर्णे वगैरे?"

"छे! आमच्याकडं मांजरंसुद्धा चपला काढून चालतात."

"शेजार?"

"तिसऱ्या मजल्यावर इब्तिसाम आहे," मेतवल्ली एका दमात म्हणाला. "सोन्यासारखी पोर. शांत, सुगरण, आवाज म्हणाल तर बुलबुलाचा."

पर्सवाली गोंधळली. "आम्ही सगळ्या इमारतीचं विचारत होतो."

तेवढ्यात चौथ्या मजल्यावरून पावासाठी दोरीला बांधलेली टोपली खाली आली आणि पाठोपाठ उम्म सलवाचा आवाज. "इब्तिसामसारखी मुलगी अख्ख्या शहरात नाही! बरोबर म्हटलं ना रे, मेतवल्ली?"

"आणि तिचा बाप म्हणजे देवमाणूस!" पलीकडून इस्त्रीवाला झकी ओरडला.

मेतवल्ली लाजून लालेलाल झाला. बापाचं कौतुक करायला त्यानं कुणाला पढवलं नव्हतं.

जोडपं एकमेकांकडं बघत दरवानाबरोबर घर पाहायला गेलं. मेतवल्लीनं घाम पुसला आणि पोत्यावरच्या बाईकडं वळला. ही मधेच कुठून उपटली? पाहुणे खाली यायच्या आत तिला वाटेला लावायला हवं होतं.

"भाऊ, मीही घरच बघतेय," ती म्हणाली. "पण मला खरं सांग. पाणी येतं का?"

"वरच्या मजल्यावर, हाज्जा?" वयस्क बाईला मान देत मेतवल्ली म्हणाला. " येतं, लोक झोपल्यावर. आणि कर्णे इतके की भिंतीवरचं घड्याळ नाचतं. तुम्ही दुसरीकडं बघा."

"आणि माणसं?"

"आगाऊ. न विचारता घरात शिरतात, पातेल्याचं झाकण उघडून चव घेतात." तो थांबला. "माझी बायको गेली तेव्हा याच लोकांनी कितीतरी दिवस माझी चूल पेटू दिली नाही. आळीपाळीनं डबे. मी जेवेपर्यंत उठायचे नाहीत."

"आणि ती सोन्याची पोर?"

मेतवल्लीला हसू फुटलं. आता लपवायचं कुणापासून? "कसलं सोनं! भात दर वेळी करपवते. सकाळी गाते ते असं बेसूर की कबुतरं उडून जातात. डोकं गरम. माझ्याशी हुक्क्यावरून रोज भांडण. हुक्का लपवते, पण मी उदास दिसलो की स्वतःच भरून आणून देते. माझी लेक आहे ती, हाज्जा. तिच्यावाचून मी..." तो बरण्या सारख्या करू लागला.

बाई गुडघ्यावर हात टेकत उठली. "मी वाइलची आई."

मेतवल्लीनं वर बोट दाखवलं. "मग ते टायवाले?"

"मला काय ठाऊक? घर बघायला आले असतील बिचारे."

वरच्या गच्चीतून आवाज आलाच, "काका, घर पसंत! दरवानाला शब्द दिला!"

मेतवल्लीचं तिकडं लक्षच नव्हतं. "हाज्जा, मी मघाशी जे बोललो, त्यातलं थोडं..."

"गल्लीत सगळ्यांना विचारलं मी," ती म्हणाली. "सगळे पढवलेले पोपट. म्हटलं, पोरीत नक्की काहीतरी खोट आहे. परतच निघाले होते, पण पाय दुखले म्हणून बसले. गुरुवारी येतो आम्ही. भाताचं मी बघते."

उम्म सलवानं वरून जीभ हलवत आनंदाचा असा काही लांबलचक उलुलू काढला की झकी इस्त्री तशीच टाकून धावत आला. मेतवल्लीनं बरणी उघडून मूठमूठ गोळ्या गल्लीत उधळल्या, झकीच्या गालाचा मुका घेतला, टोपलीत पावाऐवजी साबण टाकला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि मग उधळायला वर गेलेला हात तसाच राहिला. गुरुवारी येतील. म्हणजे पुढं एक दिवस पोरीला घेऊन जातील. सकाळपासून याच्यासाठीच तर धडपडत होता, आणि हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

वाइलची आई कोपऱ्यापर्यंत पोचली होती. तो गोळ्या तुडवत तिच्यामागं धावला.

"हाज्जा! तुमचं घर कुठल्या भागात? लांब आहे का? पाणी येतं का तिथं? शेजारीपाजारी विचारपूस करणारे आहेत ना?"

तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं, परत दुकानात आली आणि पोत्यावर बसली.

"खरं सांगू?"

"खरंच सांगा," मेतवल्ली म्हणाला.