पंतोजींचं गलबत

आमच्या अमरावतीला समुद्र नाही, तरी आमच्या दारात गलबत उभं होतं. चार चाकं, मध्ये डोलकाठी, तिला शीड आणि ओढायला दोन बैल. येणारा-जाणारा थांबून बघे आणि पुढं जाऊन हसे. हसू देत. ज्यांनी जन्मात बडनेऱ्यापलीकडं पाऊल टाकलं नाही, त्यांच्या हसण्याला मी कशाला भीक घालू?

गलबत आमच्या ह्यांचं. सारं गाव ह्यांना चिंतामण पंतोजी म्हणे. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. शेतकऱ्यांनी बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंटा बांधल्या. तेव्हा मुंबईच्या एका व्यापाऱ्याला कापसाच्या गठाणींबरोबर विलायतेला जाणारा लिहिता-वाचता माणूस हवा होता. शाळा सोडून हे गेले, शिडाच्या जहाजातून, आफ्रिकेला वळसा घालून. वाटेत कप्तानाचा पिच्छा पुरवून शिकले. होकायंत्र कसं वाचायचं, भर दुपारी सूर्याची उंची मोजून आपण पृथ्वीच्या पाठीवर कुठं आहोत ते कसं काढायचं. परत आले ते एक दुर्बीण, एक होकायंत्र आणि सूर्य मोजायचं पितळी यंत्र घेऊन. मला एक लुगडंही आणलं नाही. त्याचा राग मला अजून आहे.

ब्राह्मणानं समुद्र ओलांडला म्हणजे तो बाटला. ब्रह्मसभेचे पुढारी मोरोपंत, म्हणजे ह्यांचे सख्खे काका. त्यांनी आम्हाला वाळीत टाकलं. शाळेत पोरं येईनात. विहिरीवर बायका माझ्या घागरीपासून आपली घागर लांब धरू लागल्या.

हे म्हणाले, "पोरं शाळेत येत नाहीत ना? मग शाळा पोरांकडं जाईल." आणि सुताराला गाठून त्यांनी ते गलबत बांधलं.

पहिली फेरी तिवश्याच्या वाटेवरच्या एका गावाला झाली. किसनराव पाटलांच्या मोकळ्या रानात ह्यांनी बैल सोडले आणि शीड चढवलं. वैशाखाचा वारा सुटला होता. शीड फुगलं, चाकं कुरकुरली आणि गाडी आपोआप पुढं सरकली.

"अरे, चालून राहिली ना!" किसनराव ओरडले. "बैल नाई, काई नाई!"

"कोण ओढतंय?" ह्यांनी विचारलं.

"वारा!" सगळं रान ओरडलं, पोरं, बाया, म्हातारे सगळे.

मग ह्यांनी काळ्या मातीत काडीनं पृथ्वी काढली, समुद्र काढला, मुंबई आणि विलायत दाखवली. तुमचा कापूस असाच वाऱ्यावर जातो, म्हणाले. किसनरावांची बायको पार्वताबाई पुढं वाकून बघत होती. ती म्हणाली, "म्हंजे आमी पेरतो, अन् जग तो पाहून येते? आमी काहून नाई?" तेवढ्यात वाऱ्याचा झपाटा आला आणि शीड वरपासून खालपर्यंत फाटलं.

घरी आलो तर निरोप येऊन पडला होता. आमच्या सिंधूचं लग्न अचलपूरच्या एका घरी ठरलं होतं. ती नऊ वर्षांची. व्याह्यांनी कळवलं होतं, प्रायश्चित्त घ्या, नाहीतर सोयरीक मोडली समजा. मोरोपंतांनी अटी सांगितल्या. मिशा उतरवायच्या, पंचगव्य घ्यायचं, समुद्र ओलांडून पाप केलं असं चारचौघांत म्हणायचं. यंत्रं नदीत टाकायची. गलबत मोडायचं.

हे ओसरीवर बसून होते. म्हणाले, "गोदे, पोरीसाठी घेऊन टाकतो."

"पंचगव्य घ्या की, कोण नको म्हणतं?" मी म्हटलं. "पण पाप केलं असं म्हणाल?"

हे उठून यंत्रं फडक्यात बांधू लागले. मला इतका संताप आला की चुलीतलं लाकूड उगाच दोनदा आपटलं.

प्रायश्चित्ताला नवं धोतर लागतं. मोरोपंतांनी ते स्वतः पाठवलं, मोठ्या मायेनं. कोरं कापड आधी पाण्यातून काढायचं, म्हणून मी ते विहिरीवर नेलं. घडी उलगडली आणि तशीच उभी राहिले. आतल्या पदरावर निळ्या शाईचा शिक्का होता. त्यात तीन डोलकाठ्यांचं, शिडं फुगलेलं जहाज होतं. मी धोतर न भिजवताच त्याची परत घडी घातली.

ठरल्या दिवशी देवळाच्या सभामंडपात सगळे जमले. ह्यांच्या मिशा उतरवल्या होत्या. माझा नवरा मलाच अनोळखी वाटत होता. समोर पंचगव्याची वाटी, शेजारी फडक्यात बांधलेली यंत्रं.

"सूनबाई, धोतर आणा," मोरोपंत म्हणाले.

मी खांबामागून पुढं आले. धोतर दिलं नाही. उलगडलं आणि दोन्ही हातांनी सगळ्यांपुढं धरलं.

"काकाजी, हे कुठलं?"

"चांगलं विलायती आहे. महागातलं."

"विलायतेहून काय चालत आलं? ह्या शिक्क्यावरचं जहाज बघा. कापूस समुद्रावरून गेला आणि धोतर होऊन समुद्रावरूनच आला. मग हे काहून बाटलं नाही?"

मंडपात बसलेले कितीतरी जण आपापल्या धोतराकडं बघू लागले. एकानं तर आपला सोगा मांडीखाली दाबला.

"कापडाला काय कळतं?" मोरोपंत गरजले. "ते अजाण आहे. अजाणाला दोष लागत नाही!"

"म्हणजे दोष समुद्राचा नाही, कळण्याचा आहे. हे गठाणीसारखे गेले असते आणि काही न शिकता परत आले असते, तर तुम्हाला चाललं असतं!"

"बाईमाणसानं सभेत तोंड उघडायचं नसतं!"

"आम्ही आधीच वाळीत आहोत, काकाजी. आता आणखी कुठं टाकाल?"

हसायची कुणाची हिंमत झाली नाही. तेव्हा ह्यांनी वाटी उचलली, कपाळाला लावली आणि न पिताच जागेवर ठेवली. मग यंत्रांचं फडकं काखेत मारलं.

"काका, मी पाप फार शोधलं," हे म्हणाले. "सापडत नाही."

सोयरीक मोडली. मी रडले, पोटभर रडले, खोटं कशाला सांगू? सिंधू माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आई, मग आता मी पण गलबतावर येऊ?"

फाटक्या शिडाच्या जागी मी ते धोतर शिवलं, शिक्का बाहेरच्या बाजूला ठेवून. धुतलेलं नव्हतं, खळ तशीच होती, त्यामुळं वारा छान धरत होतं. मोरोपंतांच्या दारावरूनच आम्ही वेशीबाहेर पडलो. दुसरी वाट होती, पण मीच ह्यांना ती घेऊ दिली नाही.

किसनरावांच्या रानात भर दुपारी सिंधूनं पितळी यंत्र डोळ्याला लावलं. बाया-पोरांना ती दाखवत होती, सूर्य कसा खाली आणून क्षितिजाला टेकवायचा. पार्वताबाईनंही डोळा लावला आणि "अगं माय!" म्हणून मागं सरली. मग ती शिडाकडं बघत राहिली.

"हे नवं कायचं हाये वो बाई?"

"प्रायश्चित्ताचं धोतर. समुद्र ओलांडून आलंय. त्यानं प्रायश्चित्त घेतलं नाही, म्हणून आम्हीही घेतलं नाही."

"मंग पंतोजी काय नेसले?"

"जुनंच."

ती खदखदून हसली. मग पदराखालची टोपली पुढं केली. ज्वारीची भाकर आणि ठेचा होता. "वाळीत टाकलेल्या मानसाले भूक लागते का नाई? घ्या."

त्या दिवसापर्यंत मी परजातीच्या हातचं पाणीही घेतलं नव्हतं. माझा हात अर्ध्यावर थांबला. सिंधू माझ्याकडं बघत होती, हेही बघत होते. मी पुढं वाकून भाकर घेतली, गलबतावर ऐटीत मांडी घातली आणि सगळ्या गावादेखत ती संपवली.