गोकुळ हितं राहत न्हाय

गोकुळचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान बुडालं, कोर्टात दिवाळं जाहीर झालं, तेव्हापासून शेळगावात आमच्या आळीला एक सवय जडली. खोचलेल्या शर्टातला माणूस दिसला, की त्यानं तोंड उघडायच्या आत सांगायचं, "गोकुळ हितं राहत न्हाय." वसुलीवाले हात हलवत परत जायचे. गोकुळ तोवर शेजारच्या हिंदुरावांच्या कांदाचाळीत लपलेला.

पुढं भिगवणला मासळीवाल्यांना बर्फ पुरवून गडी सावरला, जुनी देणी फेडली. बारामतीत फ्लॅट बघितला. अनितानं, त्याच्या बायकोनं, एकच अट घातली होती, "दार वाजलं की आधी फटीतनं बघावं लागतं मला. बिनघोर उघडता यील असं दार पायजे."

घराच्या कर्जासाठी बँकेचं माणूस चौकशीला येणार होतं. पण काम होईस्तोवर बोलायचं नाही, नजर लागते, म्हणून या शहाण्यानं आळीत कुणालाच सांगितलं नाही.

आणि एका सकाळी गळ्यात ओळखपत्र घातलेल्या वैदेही मॅडम स्कूटीवरून उतरल्या.

"गोकुळ व्हय? मुंबईला गेला," सोनबातात्या म्हणाले.

"दुबईला," हिंदुराव म्हणाले.

घोळ होतोय हे बघून मी कायमचा निकाल लावला, "वारला."

गोकुळची आई प्रयागबाई ओट्यावर घेवडा निवडत होती. तिनं लगेच पदर डोळ्याला लावला. "माझं लेकरू गेलं गं बाई!"

"अरेरे," मॅडम म्हणाल्या. "मग घराचं कर्ज रद्द करावं लागेल."

तसा कांदाचाळीतून गोकुळ धावत आला. स्कूटीचा आवाज ऐकून पाय सवयीनं तिकडंच वळले होते. केसांत कांद्याची टरफलं. "मॅडम, मीच गोकुळ!"

"ह्यो न्हवं!" आम्ही सगळे एकदम ओरडलो.

"माझा लेक गोरा हुता," प्रयागबाई म्हणाली.

मॅडमनी आधारकार्डावरचा फोटो बघितला, मग आमची तोंडं बघितली आणि खुर्ची मागवून पोट धरून हसल्या. "शेजारी ओळखतात का, एवढंच बघायचं होतं. एका माणसासाठी अख्खी आळी खोटं बोलते, म्हणजे चांगलंच ओळखते."

वास्तुशांतीला आम्ही टेम्पो भरून बारामतीला गेलो. मी बेल दाबली.

आतून गोकुळ ओरडला, "गोकुळ हितं राहत न्हाय!"

आम्ही हसून हसून जिन्यात बसलो. प्रयागबाईचा पदर पुन्हा डोळ्याला गेला, पण या खेपेला तो खरंच भिजला.

अनितानं दार सताड उघडलं. "राहतो की," ती म्हणाली. "या आत."